फूटपट्टीच्या माथी किती मारायचं?

ऑगस्ट उजाडला की एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. एक बाजू रॅडक्लिफचं नाव घेते: भारत कधीही न पाहिलेला एक वकील येतो, पाच आठवड्यांत दोन प्रांत चिरतो आणि निघून जातो. सोबत आफ्रिकेचा नकाशा असतो आणि त्यावरच्या सरळ रेघांना लाल गोल केलेले असतात. दुसरी बाजू लगेच म्हणते, पाऊणशे वर्षं उलटली, अजून किती दिवस इंग्रजांच्या नावानं खडे फोडणार? दोन दिवस खडाजंगी होते, मग सगळे आपापल्या कामाला लागतात. या भांडणात एक गोष्ट दोन्ही बाजूंनी न बोलता मान्य केलेली असते. साम्राज्यांनी जे केलं ते मुख्यतः रेघा ओढण्याचं काम होतं, आणि प्रश्न उरतो तो त्या रेघांचं पाप आजही मोजायचं की नाही एवढाच. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. रेघ कुठून गेली हा साम्राज्यांच्या करणीतला दुय्यम भाग आहे. त्यांनी रेघेला जो नवा अर्थ दिला आणि रेघेच्या आतल्या माणसांना ज्या रकान्यांत बसवलं, तो मुख्य. हा मुख्य भाग स्वतंत्र झालेल्या देशांनी, आपणही त्यांतच, बिनबोभाट पुढे चालवला. त्याबद्दल बोलणं म्हणूनच दोन्ही बाजूंना अडचणीचं जातं.

आधी फूटपट्टीच्या गोष्टी पाहू. केनिया आणि टांझानियाची सीमा समुद्रापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे सरळ जाते, मध्येच किलिमांजारोपाशी वळसा घेते आणि पुन्हा सरळ होते. का? तर म्हणे व्हिक्टोरिया राणीनं आपल्या नातवाला, कैसर विल्हेल्मला, वाढदिवसाला डोंगर भेट दिला. ही सीमा ठरली 1886 च्या करारात. विल्हेल्म कैसर झाला 1888 मध्ये. त्या टापूत कार्ल पीटर्स नावाच्या एका जर्मन गृहस्थाची माणसं स्थानिक प्रमुखांकडून कराराचे कागद गोळा करत फिरली होती, त्या कागदांच्या बळावर जर्मनीनं हक्क सांगितला. ब्रिटिशांना मोंबासाचं बंदर हवं होतं, ते त्यांनी घेतलं. जॉर्डन आणि सौदी अरेबियाच्या वाकड्या सीमेबद्दल असंच सांगतात की जेवणानंतर चर्चिलला उचकी लागली आणि पेन घसरलं. प्रत्यक्षात तिथे 1925 साली इब्न सौदशी वाटाघाटी होऊन तह झाला होता. बर्लिन परिषदेबद्दलही सर्रास असंच बोललं जातं. 1884-85 मध्ये चौदा सत्ता टेबलाभोवती जमल्या, एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता, हे खरं आणि लाजिरवाणंही. पण तिथे खंडाची वाटणी झाली नाही. काँगो आणि नायजर नद्यांवरचा व्यापार कसा चालेल, किनाऱ्यावर नवा ताबा घेतला तर इतरांना कसं कळवायचं, असे नियम तिथे ठरले. रेघा पडल्या त्या बहुतेक नंतरच्या दोनतीन दशकांत, दोन-दोन सत्तांमधल्या डझनावारी करारांतून.

या गोष्टी खोट्या आहेत एवढंच माझं म्हणणं असतं तर ते किरकोळ ठरलं असतं. गंमत म्हणून सांगितल्या जाणाऱ्या या किश्श्यांत लूट लहरीसारखी दिसू लागते, आणि लहरीला नफा-तोटा नसतो. बंदर, कर, मजूर, खाणी, दुसऱ्या साम्राज्याला अडवणं हे सगळं उचकीच्या आड जातं. शिवाय या किश्श्यांत तिथली माणसं कुठेच नसतात. मेनेलिक दुसरा याचं काय करायचं? 1896 मध्ये अडवाला इटालियन फौजेचा धुव्वा उडवणारा हा इथिओपियाचा सम्राट त्याच काळात दक्षिणेला आणि पूर्वेला आपलं साम्राज्य वाढवत होता, आणि ब्रिटन, फ्रान्स, इटलीशी बरोबरीच्या नात्यानं सीमा ठरवत होता. ओगादेनमधले सोमाली इथिओपियात आहेत ते यामुळे. अब्दुर रहमानचं काय? 1893 मध्ये ब्रिटिश अधिकारी ड्युरँडशी सीमेचा करार करताना काबूलच्या या अमीरानं आपलं वार्षिक अनुदान 12 लाख रुपयांवरून 18 लाखांवर नेलं. बळाचा फरक अफाट होता, नाही कोण म्हणतं! पण पश्तूनांच्या मुलखातून गेलेल्या त्या रेघेवर अमीराचीही संमती आहे, आणि काबूलची त्यानंतरची सरकारं ती रेघ नाकारताना नेमकं हेच नजरेआड करतात.

रेघा निरुपद्रवी होत्या असा मात्र याचा अर्थ नाही. एवे लोक घाना आणि टोगोत वाटले गेले. सोमाली लोक पाच तुकड्यांत विभागले गेले, आणि ते त्यांच्या इतकं मनात राहिलं की झेंड्यावरच्या ताऱ्याचे पाच कोन त्या पाच तुकड्यांसाठी आहेत. गांबिया हा देश म्हणजे एका नदीचे दोन काठ, तिन्ही बाजूंनी सेनेगल. ब्रिटिशांना नदी हवी होती आणि फ्रेंचांना भोवतालचा मुलूख. आपल्याकडे तर बोलायलाच नको. रॅडक्लिफ 8 जुलै 1947 ला भारतात उतरला आणि त्याचा निवाडा 17 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर जाहीर झाला. मधल्या दिवसांत मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा फडकत होता आणि खुलन्यात भारताचा. मग दोन्ही उतरवले गेले. आपण कोणत्या देशात आहोत हे माहीत नसताना लाखो माणसांनी घर सोडायचं की थांबायचं हे ठरवलं. ही घाई गुन्हेगारी स्वरूपाचीच होती, आणि तिचं समर्थन कुठल्याही अभ्यासानं होणार नाही.

पण रेघच जर रोगाचं मूळ असेल तर रेघ बरी पडलेल्या ठिकाणी तब्येत बरी असायला हवी. सोमालियाचंच घ्या. आफ्रिकेत एवढा एकजिनसी देश क्वचितच सापडेल: एक भाषा, एक धर्म. 1991 मध्ये तिथलं राज्य कोसळलं आणि माणसं कुळा-कुळांत लढली. बोट्स्वानात उलट आहे. त्स्वाना लोक बोट्स्वानापेक्षा दक्षिण आफ्रिकेतच जास्त आहेत. म्हणजे रेघेनं जमात सरळ कापली आहे. तरी 1966 पासून तिथे निवडणुका नियमानं होत आल्या आहेत. आणि रवांडा?

रवांडापाशी थोडं थांबायला हवं, कारण फूटपट्टीचा सिद्धांत तिथे पार उघडा पडतो. रवांडा हे युरोपीय यायच्या कितीतरी आधीचं राज्य होतं. राजा होता, दरबार होता, सगळ्यांची भाषा एक होती. कडेचा काही मुलूख साम्राज्यांच्या वाटाघाटीत गेला, पण आजचा देश ढोबळमानानं तोच आहे. हुतू आणि तुत्सी हा भेदही आधीचाच. गुरं कुणाकडे, जमीन कुणाची, दरबाराशी नातं कुणाचं, यावर तो चालत असे. त्यात अन्याय होता, पण लग्नानं, संपत्तीनं, राजाच्या मर्जीनं माणूस एका बाजूचा दुसरीकडे सरकू शकत असे. बेल्जियमच्या अंमलात, 1930 च्या दशकात, माणशी ओळखपत्र आलं आणि त्यावर हुतू, तुत्सी की त्वा हे लिहिलं गेलं. बाप जो, तो मुलगा. सरकणं संपलं. प्रशासनातल्या जागा तुत्सींना, राबणूक हुतूंना, आणि याला वंशशास्त्राचा मुलामा: तुत्सी म्हणे उत्तरेकडून आलेले, जन्मतःच राज्य करणारे. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला. नव्या हुतू सरकारनं काय केलं? ओळखपत्र रद्द केलं? नाही. रकाना तसाच ठेवला, फक्त कोण वर आणि कोण खाली हे उलटवलं. शाळेतल्या, नोकरीतल्या जागा त्या रकान्यावर वाटल्या जाऊ लागल्या. 1994 मध्ये रस्त्यारस्त्यावर नाके लागले आणि नाक्यावर मागितलं जायचं ते हेच ओळखपत्र. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मेली. यात चुकीची सीमा कुठली?

पंजाब आणि बंगालकडे आता या बाजूनं बघा. रॅडक्लिफच्या हातात होतं ते काय? 1941 च्या खानेसुमारीतले धर्मनिहाय आकडे. तहसिलीत कोण बहुसंख्य, हा रकाना नसता तर त्याला रेघ ओढताच आली नसती. त्या आकड्यांना राजकीय वजन मिळालं मुसलमानांसाठीच्या 1909 च्या स्वतंत्र मतदारसंघांपासून. इथे कुणी म्हणेल, हिंदू-मुसलमान हे भेद काय इंग्रजांच्या कारकुनानं शोधून काढले? मुळीच नाही. आपण कोण हे लोकांना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यावरून डोकीही फुटत होती. नवीन होतं ते हे की, माझ्यासारखे किती यावर आता जागा, नोकऱ्या आणि शेवटी जमीन मिळणार होती. संख्येला मालमत्तेचं मोल आलं. सीमा आयोगांत रॅडक्लिफशिवाय दोन्हीकडे चार-चार न्यायाधीश होते, सगळे इथलेच. काँग्रेसनं सुचवलेले एका बाजूला, लीगनं सुचवलेले दुसऱ्या बाजूला, म्हणून निर्णय एकट्या रॅडक्लिफवर येऊन पडला. रकान्यानं त्या आठ जणांनाही आधीच वाटून टाकलं होतं.

रेघेला अर्थ दिला म्हणजे काय, हे उत्तर बंगालातल्या कूचबिहारच्या छिटमहालांइतकं, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्याच्या तुकड्यांइतकं, स्पष्ट कुठेच दिसत नाही. 2015 पर्यंत बांगलादेशाच्या पोटात भारताचे 111 तुकडे होते आणि भारताच्या पोटात बांगलादेशाचे 51. एक तुकडा, दहला खागराबाडी, तर भारताचा. तो बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात, आणि तो बांगलादेशात. जेमतेम पावणेदोन एकरांचं तागाचं शेत! याचीही गोष्ट आहेच: कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळताना गावं पणाला लावायचे. बघा, किलिमांजारोसारखीच. ही वेडीवाकडी वाटणी मात्र इंग्रजांची नव्हे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कूचबिहार आणि मोगलांमध्ये तह झाला तेव्हा ज्याच्या माणसांकडे जी गावं होती ती त्याच्याकडे राहिली, तिथून हे आलं. सव्वादोनशे वर्षं त्यानं कुणाचं फारसं बिघडलं नाही. शेतसारा कुणाच्या कचेरीत भरायचा, एवढाच फरक. बाजाराला, लग्नाला, सोयऱ्याकडे जायला कुणी अडवत नव्हतं.

मग 1947 मध्ये रंगपूर पाकिस्तानात गेलं, 1949 मध्ये कूचबिहार भारतात सामील झालं, 1952 मध्ये पासपोर्ट-व्हिसा आला, आणि तीच रेघ एका रात्रीत नव्हे तरी पाच वर्षांत भिंत झाली. छिटमहालातल्या माणसाला आपल्याच देशात जायला परका देश ओलांडावा लागे, आणि त्याचा व्हिसा काढायचा तर कचेरी आपल्या देशात. वीज नाही, पोलीस नाही, मतदान नाही. शाळेत घालण्यासाठी मुलांना पलीकडच्या गावातला खोटा बाप दाखवावा लागे. सुमारे 51 हजार माणसं असं जगत होती. 1974 मध्ये करार झाला आणि तो अमलात यायला 2015 उजाडलं. ही मधली एकेचाळीस वर्षं कोणत्या साहेबाच्या नावावर टाकायची?

इंग्रज येण्याआधी आपल्याकडे सीमा नव्हत्याच, सगळं गुण्यागोविंदानं चालायचं, असा याचा कुणी अर्थ काढू नये. 1731 च्या वारणेच्या तहात शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी यांनी नदी धरून मुलूख वाटून घेतला, तो तंतोतंत सीमेचाच तह होता. पण त्याच काळात दख्खनच्या सहा सुभ्यांवरचे चौथाई आणि सरदेशमुखीचे हक्क मराठ्यांना 1719 च्या सनदांनी मिळालेले होते. परिणामी निजामाच्या मुलखात कित्येक ठिकाणी दुअमली चालायची: एकाच गावात एकीकडून निजामाचा अंमलदार, दुसरीकडून मराठ्यांचा कमाविसदार. रयतेला हे सुखाचं नव्हतं; दोन दारांत दोन वसुल्या म्हणजे काय ते ज्याला भरावं लागतं त्यालाच कळतं. मुद्दा इतकाच की एका जमिनीवर दोन सत्तांचे हक्क असणं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना अशक्य वाटत नव्हतं. कंपनी सरकारनं मोजणी करून, नकाशे काढून, करार करून हे सगळे एकात एक गुंतलेले हक्क सोडवले आणि एका जमिनीला एकच मालक-राज्य ही पद्धत पक्की केली. तिचे फायदेही झाले. पण तीच पद्धत निसर्गनियमासारखी आपल्या डोक्यात बसली आहे, आणि काश्मीरपासून अक्साई चीनपर्यंत दुसऱ्या कोणत्याही मांडणीचा विचारसुद्धा आपल्याला देशद्रोह वाटतो.

दुसऱ्या बाजूचं, खडे फोडणं बंद करा म्हणणाऱ्यांचं, इथवर वाचून समाधान झालं असेल. त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावाही देऊन टाकतो. जुलै 1964 मध्ये कैरोला आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या देशांनी ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्याच आम्ही पाळू. मोरोक्को आणि सोमालियाचा विरोध होता, बाकीच्यांनी मान्य केलं. कुणाची सक्ती नव्हती. टांझानियाच्या न्येरेरेंसारखा साम्राज्यवादाचा कडवा विरोधक या ठरावामागे होता, कारण एक सीमा उकलली की सगळ्याच उकलणार हे त्याला दिसत होतं. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण म्हणून प्रकरण मिटलं का? 1998 मध्ये इथिओपिया आणि एरिट्रिया बादमे या छोट्या गावावरून लढले, हजारो सैनिक मेले, आणि निवाडा द्यायला बसलेल्या आयोगासमोर 1900, 1902 आणि 1908 चे इटलीबरोबरचे करार उघडले गेले. 2011 मध्ये दक्षिण सुदान हा नवा देश झाला, तर त्याची उत्तर सीमा कोणती? 1 जानेवारी 1956 ला, म्हणजे ब्रिटिश-इजिप्शियन अंमल संपला त्या दिवशी होती ती. जे आजही न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होतं, ते विसरा असं कसं म्हणता येईल? हिंदी महासागरातली चागोस बेटं तर 1965 मध्ये मॉरिशसपासून तोडली गेली, तिथल्या रहिवाशांना हाकललं गेलं आणि दिएगो गार्सियावर लष्करी तळ झाला. ते तोडणं बेकायदा होतं असं मत आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दिलं 2019 मध्ये. ज्यांना हाकललं त्यांच्यातले काही जण ते ऐकायला जिवंत होते.

आणि कागदांचं काय? केनियातल्या माऊ माऊ बंडातल्या वृद्धांनी छळाबद्दल ब्रिटिश सरकारवर दावा लावला, तेव्हा 2011 मध्ये उघड झालं की 37 जुन्या वसाहतींमधून गुपचूप हलवलेल्या हजारो फायली हॅन्स्लोप पार्क या ठिकाणी पडून आहेत. त्याखेरीज जाळल्या किती त्याचा हिशोब नाही. रॅडक्लिफनंही आपले कागद जाळले. इतिहास घडवणं म्हणतात ते यालाही. नुकसानभरपाईच्या भाषणांपेक्षा या फायली मागणं मला जास्त कामाचं वाटतं, पण आपल्याकडच्या वादात त्या कुणाच्या तोंडी येत नाहीत.

आता घरचं बोलू. तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, सिंधुदुर्गाला लागून आहे, पण आहे गोव्याचा. पोर्तुगीजांनी तो 1746 मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतला म्हणून. गोव्याची सगळी सीमाच अशी, पोर्तुगीजांच्या लढायांनी आणि तहांनी ठरलेली. 1961 मध्ये ते गेले. मग ती सीमा पुसायला हवी होती, असं महाराष्ट्रात कित्येकांचं प्रामाणिक मत होतं: कोकणी ही मराठीची बोली, तेव्हा गोवा महाराष्ट्राचा. 16 जानेवारी 1967 ला लोकांना विचारलं गेलं आणि सुमारे 34 हजारांच्या मताधिक्यानं त्यांनी विलीनीकरण नाकारलं. परकीयांनी ओढलेली रेघ लोकांनी आपली म्हणून ठेवून घेतली. त्याहून मजेदार म्हणजे विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच, भाऊसाहेब बांदोडकरांनाच, त्यांनी काही आठवड्यांत पुन्हा सत्तेवर बसवलं. भाऊसाहेब हवेत, मराठीही हवी, महाराष्ट्रात जायचं मात्र नाही. हे कोणत्या रकान्यात बसवणार?

बेळगावला हे कधी विचारलंच गेलं नाही. 1956 ची पुनर्रचना दिल्लीनं केली. चंदगड तालुका इकडे ठेवला, बेळगाव तिकडे दिलं. महाजन आयोगानं 1967 मध्ये 264 गावं महाराष्ट्राला, 247 कर्नाटकाला सुचवली आणि बेळगाव शहर होतं तिथेच ठेवलं. महाराष्ट्रानं ते फेटाळलं, आणि 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्यात एकही इंग्रज नाही. आहेत ती जनगणनेतली भाषेची टक्केवारी, तालुक्याचा घटक की खेड्याचा हा वाद, आणि घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणारा माणूस एकाच रकान्यात टिचून बसवण्याचा दोन्ही सरकारांचा आग्रह. महाराष्ट्राच्या मागणीत खेडं, सलगता आणि भाषिक बहुमत यांच्या जोडीला लोकेच्छा हाही निकष आहे, आणि चौघांत तोच मला सगळ्यात बळकट वाटतो. पण बेळगावसाठी लोकेच्छा मागणाऱ्यांनी गोव्याच्या 1967 च्या कौलाला अजूनही फसवणूक म्हणणं सोडायला हवं. आणि गोव्यानं वेगळं राहायचं ठरवलं ते छानच झालं म्हणणाऱ्या कर्नाटकातल्या विचारवंतांनी तसाच कौल निपाणी-खानापुरात घ्यायला काय हरकत आहे, ते सांगायला हवं.